यादवीतील मृत: शोक कोणाचा, सन्मान कोणाचा?

सायनमधील एका वाचक मंडळाचा प्रश्न माझ्यापर्यंत आला आहे. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा स्मृतिदिन २५ नोव्हेंबरला असतो. ते मुंबईत जन्मले, एसआयईएसमध्ये शिकले आणि १९८७ मध्ये ८ महार पलटणीतून भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले असताना जाफना भागात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मंडळाला त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम करायचा आहे. तयारीच्या बैठकीत एका सभासदाने लक्षात आणून दिले की ज्यांच्याशी लढताना ते गेले त्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या मृतांचे स्मरण श्रीलंकेच्या उत्तरेत दोनच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला केले जाते. त्यावरून वाद झाला. यादवी युद्धात हरलेल्या बाजूला आपल्या मृतांचे स्मरण करू द्यावे का, दोन्ही बाजूंचे एकच स्मारक उभारणे हा उपाय ठरतो का, आणि आपल्या कार्यक्रमात तिथल्या तमिळ नागरिकांच्या मृत्यूचा उल्लेख केला तर आपल्या जवानांचा अवमान होतो का, असे तीन प्रश्न मंडळाने विचारले आहेत.

दगडी स्मारके, समाधिशिला आणि नामफलक यांचे जतन हा माझा व्यवसाय आहे. फलकावर कोणाची नावे घ्यायची, ती कोणत्या क्रमाने लावायची आणि खाली काय मजकूर कोरायचा, या वादांत समित्यांना सल्ला देणे हेही त्याच कामात येते. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो. मृताबद्दल शोक करणे आणि मृताचा सन्मान करणे ही दोन वेगळी कामे आहेत. शोकाचा हक्क घरच्यांचा असतो. देह मिळावा, त्याची विटंबना होऊ नये, तो कुठे ठेवला हे कळावे आणि तिथे जाऊन दिवा लावता यावा, एवढेच त्या हक्कात येते, आणि गेलेला माणूस कोणत्या बाजूने लढला यावर तो अवलंबून ठेवता येत नाही. सन्मान हा मात्र समाजाने दिलेला निकाल असतो. पुतळा, सार्वजनिक सुट्टी, संचलन, चौकाला दिलेले नाव यांतून आपण जाहीर करतो की हा माणूस ज्यासाठी लढला ते आम्हाला मान्य आहे, म्हणून त्यावर उघड वाद व्हायलाच हवा. यादवीनंतरची सरकारे या दोहोंची गल्लत करतात. काही सरकारे शोकालाच सन्मान समजून त्यावर बंदी घालतात, तर काही घाईघाईने सर्वांचा एकत्र सन्मान करतात आणि शोकाचे देणे फिटले असे धरून चालतात.

श्रीलंकेत पहिला प्रकार घडला. तेथील युद्ध १९८३ मध्ये पेटले आणि मे २००९ मध्ये मुल्लिवाइक्कालच्या किनाऱ्यावर संपले. लिट्टेचा पहिला लढवय्या २७ नोव्हेंबर १९८२ रोजी मेला, म्हणून संघटना तो दिवस ‘मावीरर नाळ’, म्हणजे वीरांचा दिवस, म्हणून पाळू लागली, आणि उत्तर व पूर्व प्रांतांत तिने आपल्या मृतांसाठी मोठ्या दफनभूमी उभारल्या. हिंदू घरांतील मुलांनाही तिथे दहन न देता पुरले जाई. एकसारख्या समाध्यांच्या त्या शिस्तबद्ध रांगा संघटनेच्या प्रचाराचाही भाग होत्या, हे मी नजरेआड करत नाही. जाफन्याजवळच्या कोप्पाय येथील दफनभूमी लष्कराने नव्वदच्या दशकात पाडली, २००२ च्या युद्धविरामानंतर ती पुन्हा बांधली गेली, आणि युद्ध संपल्यावर ती दुसऱ्यांदा सपाट करून त्या जागेवर लष्कराच्या एका डिव्हिजनचे मुख्यालय उभे राहिले. ज्यांची मुले तिथे पुरली होती त्यांना आता त्या जमिनीवर पाय ठेवायचा तर लष्कराच्या फाटकातून जावे लागते.

त्यातली कितीतरी मुले स्वेच्छेने गेलेली नव्हती. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत लिट्टे दर घरामागे एक या हिशेबाने मुले उचलून नेत होती आणि त्यांत अल्पवयीनही होती. अशा मुलाच्या आईचे नुकसान आधी संघटनेने केले आणि मग सरकारने. तिच्या मुलाची समाधी फोडून लिट्टेच्या विचाराचा पराभव होत नाही. उलट ज्या आईला लिट्टेविरुद्ध बोलायला सर्वांत मोठे कारण होते, तिलाच आपण लिट्टेच्या बाजूला ढकलतो.

याच देशातले दुसरे उदाहरण माझ्या मते निर्णायक आहे. जनता विमुक्ती पेरमुना म्हणजे जेव्हीपी या सिंहली डाव्या संघटनेने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते १९८९ या काळात सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केले. दोन्ही उठाव अत्यंत कठोरपणे चिरडले गेले आणि नेते रोहना विजेवीरा १३ नोव्हेंबर १९८९ रोजी कोठडीत मारले गेले. त्यांच्या मृतांचा स्मृतिदिन कोलंबोत दर वर्षी नोव्हेंबरमध्ये उघडपणे होतो आणि त्याच पक्षाचे नेते २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे राज्याविरुद्ध शस्त्र उचललेल्यांचे स्मरण केल्याने राज्य कोसळत नाही, हे त्या राज्यानेच स्वतःच्या अनुभवाने पाहिले आहे. तमिळ मृतांना मात्र तो न्याय मिळाला नाही. जाफना विद्यापीठातील मुल्लिवाइक्काल स्मारक जानेवारी २०२१ मध्ये एका रात्रीत पाडण्यात आले, आणि विद्यार्थ्यांच्या संतापानंतर काही महिन्यांत ते पुन्हा बांधावे लागले.

सरकारची बाजू पूर्णपणे पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. लिट्टेने राजीव गांधींची आणि राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांची हत्या केली, मशिदीत नमाज पढणाऱ्यांना मारले, आणि विरोधी मताच्या तमिळांनाही सोडले नाही. १९९२ पासून ती भारतातही बेकायदा संघटना आहे. तिचा ध्वज, तिच्या प्रमुखाची तसबीर आणि तिच्या घोषणा यांवर बंदी घालणे समजण्यासारखे आहे, कारण तो सन्मानाचा भाग झाला. घरातल्या मेलेल्या मुलासाठी लावलेल्या दिव्यावर बंदी समजण्यासारखी नाही. ही रेघ पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराला दर वेळी नीट ओढता येईलच असे नाही, पण ती ओढता येते, आणि १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या दुसऱ्या पूरक करारात देशांतर्गत संघर्षापुरते हेच सांगितले आहे: मृतांचा शोध घ्यावा, त्यांची विटंबना होऊ देऊ नये आणि त्यांची सभ्यपणे व्यवस्था लावावी. कोणत्या बाजूचे मृत, असा भेद त्यात केलेला नाही.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. अफझलखानाचा वध झाला ती १६५९ ची लढाई दोन राज्यसत्तांमधली होती, यादवी नव्हती. तरी त्याचे दफन प्रतापगडाच्या पायथ्याशी झाले आणि ते महाराजांनी रीतसर करवले असे आपली परंपरा अभिमानाने सांगते. पुढे त्या कबरीभोवती बांधकामे वाढत गेली, तिला वेगळेच महत्त्व येऊ लागले आणि वाद पेटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने भोवतीची अनधिकृत बांधकामे काढली. मूळ कबर राहिली. मुंबईनेही हे पाहिले आहे. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांचे मृतदेह मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी स्वीकारायला नकार दिला. ते जेजे रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून अधिक काळ राहिले आणि शेवटी सरकारने जागा न सांगता ते पुरले. समाजाने सन्मान नाकारला, राज्याने देहांची व्यवस्था लावली. दोघांनी आपापले काम केले, असे मला वाटते.

आता दुसरा प्रश्न. सर्वांचे एकच स्मारक ही कल्पना ऐकायला उदात्त वाटते आणि समितीच्या पहिल्या बैठकीत कोणीतरी ती मांडतेच. तिची सर्वांत मोठी परीक्षा स्पेनमध्ये झाली. तिथली १९३६-३९ ची यादवी जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोने माद्रिदजवळच्या डोंगरात १९४० पासून एक भूमिगत बॅसिलिका आणि तिच्यावर १५० मीटर उंच क्रूस उभारायला घेतला. कामावर राजकीय कैदी होते. १ एप्रिल १९५९ रोजी, स्वतःच्या विजयाच्या विसाव्या वाढदिवशी, त्याने ते खुले केले आणि हे दोन्ही बाजूंच्या मृतांचे स्मारक असल्याचे सांगितले. ३३ हजारांहून अधिक मृतांचे अवशेष तिथे आणले गेले. प्रजासत्ताकाच्या बाजूच्या अनेकांचे अवशेष सामूहिक खड्ड्यांतून, घरच्यांना न विचारता, न कळवता उचलले होते. मारणाऱ्याच्या स्मारकात आपला बाप ठेवला आहे, हे कित्येक कुटुंबांना काही दशकांनी कागदपत्रांवरून कळले. फ्रँको स्वतः १९७५ मध्ये तिथेच पुरला गेला आणि २०१९ मध्ये त्याचे अवशेष हलवावे लागले. तळघरातल्या पेट्या ओलाव्याने कुजल्या आहेत, हाडे एकमेकांत मिसळली आहेत आणि न्यायवैद्यक पथके आज एकेका कुटुंबाच्या अर्जावर ओळख पटवण्याचे काम करत आहेत. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा मृतदेह परवानगीशिवाय आपल्या स्मारकात घेणे हा त्या कुटुंबावर झालेला दुसरा अन्याय असतो, आणि वरच्या शिलालेखात सलोख्याची भाषा असली म्हणून तो कमी होत नाही.

अमेरिकेत फसगत वेगळ्या तऱ्हेने झाली. उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या १८६१-६५ च्या यादवीत, १८६२ पासून, केंद्र सरकारने राष्ट्रीय दफनभूमी काढल्या त्या फक्त उत्तरेच्या सैनिकांसाठी. दक्षिणेचे मृत तिथल्या स्त्रियांच्या मंडळांनी गोळा केले आणि पुरले. इथवर मला फार गैर काही दिसत नाही. १९०० च्या सुमारास मात्र सलोख्याचे वारे वाहू लागले. आर्लिंग्टन दफनभूमीत दक्षिणेच्या सैनिकांसाठी विभाग झाला आणि १९१४ मध्ये तिथे मोठे स्मारक उभे राहिले. त्याच्या शिल्पपट्टीत मालकाच्या मुलाला कडेवर घेतलेली काळी दाई आणि मालकामागून युद्धाला निघालेला काळा गुलाम कोरले होते. गोऱ्या उत्तरेने गोऱ्या दक्षिणेशी केलेल्या या समेटाची किंमत, ज्यांच्या गुलामगिरीवरून युद्ध झाले त्या माणसांनी मोजली. त्याच काळात दक्षिणेत त्यांचा मताधिकार काढून घेतला जात होता आणि गावोगावच्या न्यायालयांपुढे सेनापतींचे पुतळे बसत होते. आणि त्या युद्धातल्या मृतांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा अगदी सुरुवातीचा मोठा सार्वजनिक सोहळा नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांनीच केला होता. १ मे १८६५ रोजी चार्ल्स्टनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, जिथे उत्तरेचे २५७ कैदी सैनिक घाईने पुरले होते, तिथे त्यांनी नीट थडगी बांधली, कुंपण घातले आणि मिरवणूक काढली. राष्ट्रीय स्मरणातून हा प्रसंग जवळपास पुसला गेला होता.

आर्लिंग्टनचे ते स्मारक डिसेंबर २०२३ मध्ये काढले. काढताना भोवतीच्या थडग्यांना धक्का लावला नाही, आणि शोक व सन्मान यांतली माझी रेघ तिथे दगडावर दिसत होती. २०२५ मध्ये ते परत बसवण्याची घोषणा झाली आहे. सन्मानाचा निकाल दर पिढीत पुन्हा लागू शकतो, म्हणूनच कुटुंबाचा शोक त्या निकालाच्या गाडीला बांधून ठेवू नये.

निभावले कोणाला, असे विचाराल तर मी फिनलंडचे नाव घेईन, आणि तिथेही काम वेदनेशिवाय झाले नाही. १९१८ मध्ये तिथे जानेवारीपासून मेपर्यंत ‘लाल’ (समाजवादी) आणि ‘पांढरे’ (सरकारपक्षीय) यांत यादवी झाली. सुमारे तीस लाखांच्या देशात ३८ हजारांच्या आसपास माणसे मेली आणि त्यांतले १२ हजारांहून अधिक लाल कैदी युद्धानंतर छावण्यांत भुकेने व रोगाने गेले. जिंकलेल्या पांढऱ्यांची वीरसमाधी जवळपास प्रत्येक गावच्या चर्चच्या आवारात झाली. हरलेले लाल मात्र रानात, वाळूच्या खाणींत, चर्चच्या भूमीबाहेर पुरलेले राहिले, आणि त्यांच्यासाठी उघड स्मारक उभारणे दोन दशके जवळपास अशक्य होते. दर वर्षी १६ मे रोजी विजयाचे संचलन निघे. मग १९३९-४० चे रशियाविरुद्धचे हिवाळी युद्ध आले आणि दोन्ही बाजूंची मुले एकाच खंदकात मेली. त्यानंतरच्या वसंतात मानरहाइम यांनी, म्हणजे १९१८ मधल्या पांढऱ्या सैन्याच्याच सरसेनापतींनी, १६ मेचे संचलन बंद केले आणि मे महिन्याचा तिसरा रविवार सर्व मृतांसाठी, १९१८ मध्ये आपापल्या श्रद्धेसाठी दोन्ही बाजूंनी मेलेल्यांसह, राखून ठेवला. पुढच्या दशकांत लाल मृतांची स्मारकेही गावोगाव उभी राहिली.

यातली कळीची गोष्ट माझ्या समजुतीप्रमाणे ही आहे की जिंकणाऱ्याने आपला विजयदिन स्वतः मागे घेतला. हरलेल्यांना त्याच्या समारंभात बोलावले नाही. नायजेरियात याच्या उलट झाले. बियाफ्राचे, म्हणजे इग्बोबहुल पूर्व भागाने वेगळे होण्यासाठी केलेले, युद्ध संपताना ‘कोणी विजेता नाही, कोणी पराजित नाही’ अशी घोषणा झाली, आणि सैनिक स्मृतिदिन मात्र १५ जानेवारीला, म्हणजे बियाफ्राने शरणागती पत्करली त्या तारखेला पाळला जातो. इग्बो कुटुंबातल्या माणसाने त्या दिवशी काय करावे?

नुसती नावे शेजारी कोरण्याने काम होत नाही, हे डब्लिनमध्ये दिसले. १९१६ च्या उठावात मेलेल्या बंडखोर, नागरिक आणि ब्रिटिश सैनिक अशा सर्वांची नावे ग्लासनेव्हिन दफनभूमीने २०१६ मध्ये एकाच भिंतीवर घेतली. भिंतीवर दोनदा हल्ला झाला आणि शेवटी विश्वस्तांनी तो प्रयोग थांबवला. हेतू प्रामाणिक होता, पण नागरिकांच्या घरच्यांना आपले माणूस गोळी घालणाऱ्याशेजारी हवे आहे का, याचे उत्तर आधी मिळायला हवे होते.

म्हणून माझ्या अनुभवात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी देह आणि त्यांची ओळख, मग बेपत्तांची यादी, मग विधवा आणि जखमींच्या उदरनिर्वाहाची सोय, मग नावे, आणि सर्वांत शेवटी स्मारक. सरकारांना स्मारक आधी हवे असते, कारण त्याचे उद्घाटन करता येते. निवृत्तिवेतनाचे उद्घाटन होत नाही, पण सैनिकाच्या घरात मान पोहोचतो तो त्यानेच. आपल्याकडे आझाद हिंद सेनेच्या जवानांना स्वातंत्र्यानंतर लष्करात परत घेतले नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना १९७२ मध्ये आली, तोवर त्यांच्या नावाने भाषणे मात्र भरपूर झाली होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरून उठाव केलेल्या नौसैनिकांनाही नौदलाने परत घेतले नाही. कुलाब्यात कुपरेजजवळ त्यांचे स्मारक झाले ते २००१ मध्ये. त्या दिवसांत परळ, लालबाग, भेंडीबाजारात लष्कराच्या आणि पोलिसांच्या गोळ्यांनी दोनशेहून अधिक मुंबईकर मेले, त्यांची नावे शहराला आजही ठाऊक नाहीत.

नावांवरून एक जवळची गोष्ट दाखवतो. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाऊन फलक वाचावेत. १८५८ मधले हे चर्च सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांतील मृतांसाठी बांधले. अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर हुद्द्यानुसार आहेत. शिपायांबद्दल मात्र शिलालेख एवढेच सांगतो की ते इतके बहुसंख्य आहेत की त्यांची नावे नोंदवता येत नाहीत. भिंतीवर जागा नव्हती असे नाही. कोणाचे मरण मोजायचे हे कोरणाऱ्याने आधीच ठरवले होते. यादवीनंतर दोन्ही बाजूंच्या स्मारकांत हीच त्रुटी राहते: सेनापती येतात, शिपाई संख्येत जातात आणि नागरिक कुठेच नसतात.

असे फलक फोडावेत असे मी कधीच सांगत नाही. दिल्लीच्या रिजवर १८५७ मधल्या ब्रिटिश फौजेचे स्मारक १८६३ मध्ये उभे राहिले, त्यावर बंडवाल्यांचा उल्लेख शत्रू म्हणून आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ मध्ये, त्याला अजितगड हे नाव दिले आणि जुना लेख तसाच ठेवून शेजारी नवा फलक लावला की या शिलालेखातील शत्रू म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध शौर्याने लढलेले लोक होत. मूळ दगड पुरावा म्हणून राहिला आणि निकाल बदलल्याचीही नोंद झाली. कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनीने स्वतःच्या फत्तेसाठी उभारला होता, पण त्यावरील महार शिपायांच्या नावांमुळे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ पुढच्या पिढ्यांसाठी बदलला. पुढे तोच स्तंभ महार रेजिमेंटच्या चिन्हावर काही काळ होता, आणि परमेश्वरन याच रेजिमेंटचे अधिकारी होते. नावे कोरलेली नसती तर यातले काहीच घडले नसते.

तुमच्या कार्यक्रमाबद्दल माझा सल्ला असा. परमेश्वरन यांचा सन्मान पूर्ण आणि निःसंकोच करावा. परतीच्या वाटेवर रात्री तुकडीवर छापा पडला, त्यांनी मागून वळसा घालून प्रतिहल्ला केला, छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची बंदूक हिसकावून त्याला टिपले आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांचे नाव त्या कृतीवर उभे आहे. ती मोहीम पाठवणाऱ्यांचे धोरण बरोबर होते की नाही, यावर ते अवलंबून नाही. म्हणूनच त्या मोहिमेबद्दल खरे बोलल्याने त्यांना उणेपणा येत नाही. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका धरून साठहून अधिक माणसे गेली. ते रुग्णालय दर वर्षी त्यांचे स्मरण करते. शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान तिथे पडले आणि त्यांची नावे श्रीलंकेच्या संसदेजवळच्या स्मारकावर आहेत. दोन्ही गोष्टी एकाच भाषणात सांगाव्यात, जवानांच्या वतीने सफाई न देता आणि रुग्णालयाच्या मृतांचा उपयोग जवानांवर आरोप ठेवण्यासाठी न करता. २७ नोव्हेंबरच्या स्मरणात आपण सहभागी होण्याचे कारण नाही आणि त्याचा निषेध करण्याचेही नाही. तो तिथल्या घरांचा दिवस आहे.

फलक करणार असाल तर हुद्दा, पलटण, मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पवन’, ठिकाण आणि तारीख एवढे कोरावे आणि विशेषणे टाळावीत. परमेश्वरन यांच्या खाली शांतिसेनेत गेलेल्या इतर मुंबईकरांसाठी जागा सोडावी. ती नावे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि महार रेजिमेंटचे सागर येथील केंद्र यांच्याकडे लेखी मागावीत, आणि कोणतेही नाव घरच्यांची संमती हातात आल्याशिवाय कोरायला देऊ नये.